मुंबईतून वैमानिक होताना: कशानंतर काय करायचं, ते सविस्तर

मुंबईत दिवसभर डोक्यावरून विमानं जातात, पण विमान चालवायला शिकायचं तर मुंबई सोडावी लागते. पूर्वी असं नव्हतं. जुहूचा विमानतळ १९२८ साली सुरू झाला आणि बॉम्बे फ्लाइंग क्लब तिथेच मुलांना उडायला शिकवत असे. जे. आर. डी. टाटा तिथेच शिकले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना देशातला क्रमांक १ चा परवाना मिळाला. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन ते उतरले तेही जुहूलाच. आज जुहूवर मुख्यतः हेलिकॉप्टरं उतरतात, आणि सांताक्रूझच्या एवढ्या गजबजलेल्या आकाशाशेजारी शिकाऊ विमानाला सराव करायला जागा उरलेली नाही. त्यामुळे वर्ग, पुस्तकं, परीक्षा मुंबईत आणि प्रत्यक्ष फ्लाइंग धुळे, शिरपूर, बारामती, गोंदिया, नागपूर अशा ठिकाणी, ही आपल्याकडच्या मुलांची नेहमीची विभागणी.

मी एव्हिएशनच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि फ्लाइंगही सुरू आहे. कॉलेजात नवीन आलेली मुलं आणि त्यांचे आईबाबा जे विचारतात ते जवळपास तेच तेच असतं: फी किती, कॉलेज कोणतं, नोकरी लागेल का? क्रमाबद्दल कोणी विचारत नाही, आणि पैसा वाचतो किंवा बुडतो तो क्रमावर. आधी मेडिकल, मग कागदपत्रं, मग पेपर, मग शाळा, आणि विमान सगळ्यात शेवटी. हाच क्रम का, ते एकेक करून सांगते.

मेडिकलच्या आधी एक रुपयाही भरू नका

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, क्लास १ मेडिकल लागतं. त्याच्या आधी क्लास २ करायचं. ते डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, यादीवरचे डॉक्टर करतात. यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते आणि मुंबईत असे डॉक्टर आहेत. शिकाऊ परवान्याला क्लास २ पुरतं, म्हणून बरीच मुलं तेवढ्यावर फी भरून मोकळी होतात. असं करू नका. क्लास २ झालं की लगेच क्लास १ ची तारीख मागा. पहिलं क्लास १ ठरावीक केंद्रांवरच होतं. दिल्ली आणि बंगळुरूची हवाई दलाची केंद्रं त्यात सर्वांत जुनी, शिवाय डीजीसीएने मान्यता दिलेली काही इतर. तारीख मिळायला वेळ लागतो. तेवढ्या काळात पेपरचा अभ्यास सुरू ठेवता येतो, त्यामुळे वेळ वाया जात नाही.

तपासणीत डोळे, रंगदृष्टी, कान, नाक-घसा, ईसीजी, छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी, वजन हे सगळं येतं. चष्मा आहे म्हणून घाबरू नका. ठरावीक मर्यादेत चष्म्याने दृष्टी पूर्ण येत असेल तर चालतं. रंगदृष्टीचं मात्र वेगळं आहे. ठिपक्यांतले आकडे ओळखण्याची इशिहारा चाचणी जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे आजच करून घ्या. तिथे अडचण निघाली तर ती लाखो रुपये भरण्याआधी कळलेली बरी. लेझर शस्त्रक्रिया करून चष्मा घालवायचा विचार असेल तर आधी एव्हिएशन मेडिकलच्या डॉक्टरांना विचारा. शस्त्रक्रियेनंतर ठरावीक काळ थांबावं लागतं.

‘टेम्पररी अनफिट’ हा शेरा ऐकून घरात रडारड होते. त्याची गरज नाही. हिमोग्लोबिन कमी, वजन जास्त, नाकाचा पडदा वाकडा, कानात मळ अशा कारणांवर उपचार करून पुन्हा जाता येतं. तरी जाण्याआधी दोन महिने स्वतःकडे नीट लक्ष द्या. झोप पूर्ण घ्या, बाहेरचं तळकट कमी करा, आणि कानांना विश्रांती द्या. आपण लोकलच्या आवाजावर मात करायला इयरफोन मोठ्याने लावतो आणि तासन् तास तसेच ठेवतो. ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या, आधीचे काही दिवस तरी ते घरी राहू द्या.

नाव, आडनाव आणि कॉम्प्युटर नंबर

डीजीसीएच्या परीक्षेला बसण्यासाठी डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवरून कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षार्थीचा ओळख क्रमांक, काढावा लागतो. त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि बोर्डाकडून त्यांची पडताळणी लागते. इथे महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांची खास अडचण होते. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं नाव असतं. आधारवर क्रम वेगळा, पासपोर्टवर आणखी वेगळा, एखाद्या ठिकाणी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. संगणकाला ही तीन वेगळी माणसं वाटतात. सगळी कागदपत्रं एका टेबलावर मांडून नाव अक्षरशः बोट ठेवून जुळवा, आणि जे दुरुस्त करायचं ते कॉलेजच्या पहिल्याच वर्षी करून टाका. पासपोर्ट नसेल तर तोही आत्ताच काढा.

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं, ही सीपीएलची आजवरची अट. कला-वाणिज्यची मुलं हे दोन विषय मुक्त विद्यालयातून देऊन येतात. ही अट शिथिल करण्याची चर्चा आहे, म्हणून निर्णय घेण्याआधी डीजीसीएचं ताजं परिपत्रक स्वतः उघडून वाचा, एजंटच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. शिकाऊ परवाना १६ व्या वर्षी मिळू शकतो, सीपीएल १८ पूर्ण झाल्यावर.

पदवी लागते का? परवान्यासाठी नाही. पण मी पदवीच्या बाजूची आहे. विमान कंपन्यांची भरती लाटांसारखी येते आणि जाते, आणि मधल्या काळात हातात काहीतरी असावं. बॉम्बे फ्लाइंग क्लबच्या कॉलेजात मुंबई विद्यापीठाशी संलग्न एव्हिएशनची पदवी करता येते. दुसरा मार्ग साध्या बी.एस्सी.चा, भौतिकशास्त्र आणि गणित ठेवून. याचा एक फायदा फारसा कोणी सांगत नाही. विमानतळ प्राधिकरणाची हवाई वाहतूक नियंत्रकाची परीक्षा देता येते, कारण तिथे हेच दोन विषय असलेली विज्ञान पदवी किंवा अभियांत्रिकी मागतात. टॉवरमध्ये बसणं हीसुद्धा विमानांमध्ये घालवलेलीच जिंदगी आहे.

पेपर मुंबईतच संपवा

विषय असे: एअर रेग्युलेशन्स (नियम), एअर नेव्हिगेशन (दिशा आणि मार्ग), मेटिऑरॉलॉजी (हवामान), टेक्निकल जनरल, आणि ज्या विमानावर शिकणार त्याचा टेक्निकल स्पेसिफिक. परीक्षा संगणकावर होते, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात. याशिवाय रेडिओवर बोलण्याचा परवाना, ज्याला सगळे आरटीआर म्हणतात. तो पूर्वी दूरसंचार खात्याकडे होता. भारतीय वायुयान अधिनियम २०२४ हा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आणि ते कामही डीजीसीएकडे आलं. त्यामुळे सीनियरने दिलेल्या जुन्या नोट्समधली प्रक्रिया तशीच्या तशी धरू नका.

फ्लाइंगला जाण्याआधी निदान मेट, नेव्हिगेशन आणि रेग्युलेशन्स निघालेले असावेत, हे माझं ठाम मत आहे. धुळ्याच्या उन्हात सकाळी उडून, दुपारी थकून, संध्याकाळी ट्रान्सपॉन्डर आणि लॅम्बर्ट नकाशे डोक्यात शिरत नाहीत. शिवाय पेपर न झालेला विद्यार्थी मध्येच परीक्षेसाठी मुंबईला येतो, परत गेल्यावर हात बसवायला पुन्हा दोन सॉर्टी, म्हणजे सरावाची दोन उड्डाणं, जातात, आणि त्या सॉर्टींचे पैसे आपलेच असतात.

नेव्हिगेशन हाताने सोडवा. फ्लाइट कॉम्प्युटरची गोल पट्टी बोटांना सवयीची झाली पाहिजे. एक-साठचा नियम तर झोपेतही यायला हवा: ६० मैल गेल्यावर १ मैल बाजूला गेलात तर चूक १ अंशाची. म्हणजे ३० मैलांवर २ मैल भरकटलात तर चूक ४ अंश. पुढे ३० मैल उरले असतील तर परत रेषेवर नेमकं मुक्कामी पोचायला आणखी ४, एकूण ८ अंशांची दुरुस्ती. मुंबई परिसरात खरी उत्तर दिशा आणि चुंबकीय उत्तर दिशा यांतला फरक, म्हणजे व्हेरिएशन, १ अंशाच्याही आत आहे. म्हणून इथली मुलं व्हेरिएशन विसरतात आणि परदेशातल्या आकड्यांच्या गणितांत मार खातात. प्रत्येक गणितात ती पायरी लिहाच, ती शून्य असली तरी.

मेटिऑरॉलॉजीसाठी आपल्यासारखी प्रयोगशाळा दुसऱ्या कोणाला नाही. सांताक्रूझ विमानतळाचा हवामान अहवाल, म्हणजे मेटार, दर अर्ध्या तासाने निघतो आणि मोबाइलवर दिसतो. रोज कॉलेजला जाताना एक मेटार वाचायची सवय लावा. समजा त्यात असं आहे: ०९००झेड, २७०१२केटी, ४०००, एचझेड, एससीटी०१८, ३२/२४, क्यू१००६. आता उलगडा. वेळ ०९०० यूटीसी, म्हणजे आपल्याकडे दुपारी अडीच. वारा २७० अंशांकडून, म्हणजे पश्चिमेकडून, १२ नॉट (तासाला १२ नॉटिकल मैल). दृश्यमानता ४००० मीटर, कारण धुरकट हवा. १८०० फुटांवर तुरळक-मध्यम ढग. तापमान ३२, दवबिंदू २४. क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीच्या हिशेबाने हवेचा दाब, १००६ हेक्टोपास्कल.

इथे थांबू नका, पुढचे प्रश्न स्वतःला विचारा. कोणता रनवे चालू असेल? विमान वाऱ्याकडे तोंड करून उतरतं आणि रनवेचा आकडा म्हणजे त्या दिशेचे अंश भागिले दहा. वारा पश्चिमेचा, २७० अंशांचा, म्हणजे २७. मग विमानं घाटकोपर-कुर्ल्यावरून खाली येत उतरत असतील आणि उडून जुहूवरून समुद्राकडे जात असतील. गाडी घाटकोपरला आली की खिडकीतून बघा, अंदाज बरोबर आला का. हिवाळ्यातल्या काही सकाळी वारा उलटतो आणि ०९ वापरतात. तो दिवस स्वतः ओळखता आला की रनवेचे आकडे पुन्हा पाठ करावे लागत नाहीत. मुख्य रनवे ०९/२७ आणि दुसरा १४/३२ एकमेकांना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे चालवता येत नाहीत. आपल्या विमानतळावर एवढी रांग का लागते, त्याचं मोठं कारण हेच.

पुढचा प्रश्न: या हवेत शिकाऊ विमान उडेल का? नजरेने उडायच्या नियमांत, म्हणजे व्हीएफआरमध्ये, ५ किलोमीटर दृश्यमानता लागते. इथे ४ आहे. नाही उडणार. आणि कोणी अल्टिमीटरवर, म्हणजे उंची दाखवणाऱ्या यंत्रावर, १००६ ऐवजी १०१३ ठेवलं तर? ७ हेक्टोपास्कलचा फरक, प्रत्येकाला साधारण २८ फूट, म्हणजे यंत्र जवळपास २०० फूट जास्त उंची दाखवेल. वैमानिक समजेल त्यापेक्षा २०० फूट खाली असेल. एका ओळीच्या अहवालातून तीन विषयांचा अभ्यास होतो, तोही डोंबिवली ते घाटकोपर उभ्याने.

आरटीआरसाठी जोडीदार शोधा. एकाने टॉवर व्हायचं, दुसऱ्याने विमान. भारतीय विमानांची नोंदणी व्हीटीने सुरू होते, तेव्हा स्वतःला एक व्हीटी नाव घ्या आणि बोलत राहा: कोणाला बोलावतोय, मी कोण, कुठे आहे, काय हवंय. उत्तर आलं की ते परत म्हणून दाखवायचं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते, मलाही होती. पण रेडिओवरचं इंग्रजी ठरलेल्या मोजक्या वाक्यांचं असतं. तिथे सफाईपेक्षा स्पष्टपणा आणि वेग आवरणं महत्त्वाचं.

शाळा निवडताना माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि हिशेब करा

डीजीसीएने २०२५ पासून फ्लाइंग स्कूलांची क्रमवारी जाहीर करायला सुरुवात केली आहे. ती आधी बघा. मग शाळेत स्वतः जा, एक पूर्ण दिवस थांबा, आणि ऑफिसात बसण्याऐवजी हँगरच्या बाहेर उभं राहून मोजा.

समजा शाळेकडे ८ विमानं आहेत. त्यांतली आज उडण्याच्या स्थितीत ५. प्रत्येक विमान दिवसाला ५ तास उडतं आणि महिन्यात २२ दिवस हवा साथ देते. म्हणजे महिन्याला ५५० तास. विद्यार्थी ६० असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ९ तास. सीपीएलला २०० तास हवेत. म्हणजे २२ महिने, आणि यात पावसाळा धरलेलाच नाही. याच शाळेत ‘वर्षभरात सीपीएल’ असं कोणी सांगत असेल तर हे गणित त्यांच्यासमोर मांडा आणि उत्तर ऐका. किती विमानं आहेत हे विचारून उपयोग नाही, आज किती उडाली हे विचारा. प्रशिक्षक किती, दुरुस्तीला विमान गेलं की सुटे भाग किती दिवसांत येतात, रात्रीचं उड्डाण त्याच विमानतळावर होतं की दुसरीकडे जावं लागतं, मल्टी-इंजिन विमान शाळेचं स्वतःचं आहे का, हेही विचारा. सगळ्यात खरी माहिती मात्र चहाच्या टपरीवर सध्याची मुलं देतात. त्यांना एकच विचारा: गेल्या महिन्यात तुझे किती तास झाले?

फी एकरकमी भरू नका. तासांच्या टप्प्यांनुसार हप्ते आणि सोडून गेल्यास परतावा, या दोन गोष्टी लेखी घ्या. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाने सवलतीच्या लोभाने सगळी रक्कम आधी भरली आणि विमानं बंद पडल्यावर कित्येक महिने मुलगा हॉस्टेलवर बसून राहिला.

पैशांबद्दल मोघम बोलून भागत नाही. भारतात सीपीएलसाठी आज साधारण ४० ते ६० लाखांच्या दरम्यानचे आकडे सांगितले जातात. त्यात राहणं, जेवण, पेपर, मेडिकल, दिल्ली-बंगळुरूचे प्रवास धरलेले नसतात. परवान्यानंतर मोठ्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण, ते आणखी १५ लाखांच्या आसपास किंवा वर. बँका कर्ज देतात, पण एवढ्या रकमेला तारण मागतात, बहुतेकदा राहतं घर. घर तारण ठेवायचं असेल तर आईबाबा, भावंडं सगळ्यांनी एकत्र बसून ठरवा, आणि परवाना मिळाल्यावर वर्ष-दोन वर्षं नोकरी लागली नाही तर हप्ता कोण भरणार हे त्याच बैठकीत बोला. अमेठीजवळ फुरसतगंजला केंद्र सरकारची इग्रुआ ही वैमानिक प्रशिक्षणाची संस्था आहे. तिची प्रवेश परीक्षा जरूर द्या. इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांनी नागपूरच्या महाज्योतीची वैमानिक प्रशिक्षणाची योजना चालू आहे का, ते बघावं.

‘मुलगी आणि पायलट?’ असं आत्या-मावश्या अजून विचारतात. त्यांना मी कॅप्टन सौदामिनी देशमुखांचं सांगते. १९८५ साली कोलकाता-सिलचर मार्गावर सगळ्या महिलांनीच चालवलेल्या विमानाच्या त्या कॅप्टन होत्या. भारतात महिला वैमानिकांचं प्रमाण जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

विमानात बसण्याआधीचं फ्लाइंग

विमानाचा तास सुरू झाला की पैसे जळू लागतात. म्हणून जे जमिनीवर शिकता येतं ते जमिनीवरच शिका. कॉकपिटचं खऱ्या आकाराचं चित्र छापून भिंतीला लावा, समोर खुर्ची टाका, आणि डोळे मिटून चेकलिस्ट करा. हात योग्य बटणावर जातो का, डोळे उघडून बघा. याला चेअर फ्लाइंग म्हणतात. दुसऱ्या दिवशीच्या सॉर्टीचा प्रत्येक टप्पा आदल्या रात्री तोंडाने मोठ्याने म्हणत करायचा. सेस्ना १७२ असेल तर: पूर्ण पॉवर, इंजिनचे आकडे ठीक, वेग वाढतोय, ५५ नॉटला नाक उचलायचं, ७४ ला चढायचं. नेमके आकडे तुमच्या विमानाच्या हँडबुकमधले आणि तुमच्या सरांनी सांगितलेले धरा.

उड्डाणाआधी विमानाभोवतीची फेरी कधीही घाईत करू नका, मागे दहा मुलं रांगेत असली तरी. टाकीतून इंधनाचा नमुना काढून उजेडात धरा. अ‍ॅव्हगॅस निळसर असतं, पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं. नमुना रंगहीन दिसला तर थांबा, विचारा. तेल, टायर, कंट्रोल सरफेसचे (पंख-शेपटीच्या हलणाऱ्या भागांचे) बोल्ट, पिटो ट्यूबचं (वेग मोजणाऱ्या नळीचं) झाकण, सगळं हाताने. इंजिन सुरू झाल्यावर मॅग्नेटोची, म्हणजे ठिणगी देणाऱ्या दोन यंत्रणांची, तपासणी, सेस्ना १७२ एसवर १८०० आरपीएमला. एका मॅग्नेटोवर गेल्यावर घट १५० पेक्षा जास्त नको आणि दोघांमधला फरक ५० पेक्षा जास्त नको. आणि त्याआधी स्वतःची तपासणी. ताप, औषध, झोप, काळजी, रिकामं पोट यांतलं काही आहे का? उड्डाणाआधीच्या १२ तासांत दारू निषिद्ध आहे, आणि ब्रेथ अ‍ॅनालायझरची चाचणी शिकाऊंनाही असते.

पहिले काही तास नजर आत, यंत्रांवर खिळते. ती बाहेर काढा. विमानाचं नाक क्षितिजाच्या किती खाली दिसतं, हे एकदा डोळ्यांत बसलं की वेग आपोआप जागेवर राहतो. नंतर ट्रिम करा, म्हणजे हाताला दाब लागणार नाही असं चाक बसवा, आणि हात सैल सोडा. घट्ट धरलेल्या हाताला विमान काय सांगतंय ते कळत नाही. टेकऑफला विमान डावीकडे ओढतं, उजवा रडर (पायाने चालणारं शेपटीचं सुकाणू) लागतो, तो पाय आधीच तयार ठेवा.

स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल अचानक जाण्याचा, पाठ बहुतेकांना भीतीचा वाटतो. भीती जाते ती समजल्यावर. पंख वेगामुळे स्टॉल होत नाही. हवा पंखाला ज्या कोनात भेटते तो कोन साधारण १५-१६ अंशांपलीकडे गेला की होतो, मग वेग कितीही असो. म्हणून उपायही कोन कमी करण्याचाच: आधी नाक खाली, मग पॉवर, मग पंख सरळ. ६० अंश कलून पातळी राखत वळलात तर पंखांवर दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग १.४१ पट होतो. सरळ उडताना ४८ नॉटला स्टॉल होणारं विमान त्या वळणात ६८ ला होईल. बेसवरून (रनवेला आडव्या टप्प्यावरून) फायनलला (रनवेच्या सरळ रेषेत) वळताना रनवे पुढे निघून गेला म्हणून जास्त कलून, नाक ओढून वळणं जीवघेणं ठरतं ते याच आकड्यामुळे. रनवे हुकला तर हुकू द्या, पॉवर द्या, गो-अराउंड करा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जा. गो-अराउंड ही हार नाही, आणि ज्या शाळेत त्याला नावं ठेवतात ती शाळा मला आवडणार नाही.

उतरणं सगळ्यात उशिरा जमतं. सर्किट म्हणजे रनवेभोवतीची आयताकृती फेरी. तिची उंची जमिनीपासून १००० फूट, वळणं बहुधा डावी. डाउनविंडला, म्हणजे रनवेला समांतर पण उलट दिशेने जाताना, रनवेच्या टोकाच्या बरोबरीने आलात की पॉवर कमी, पहिला फ्लॅप (पंखामागची झडप) खाली. बेसला दुसरा. फायनलला वेग ६५ नॉटच्या आसपास आणि नजर टेकण्याच्या ठरवलेल्या बिंदूवर. तो बिंदू काचेत वर सरकत असेल तर तुम्ही कमी पडताय, खाली सरकत असेल तर पुढे जाताय. जमीन जवळ आली की नजर उचलून रनवेच्या दूरच्या टोकाकडे न्या. जवळ बघत राहिलं तर उंची कळत नाही आणि विमान आपटतं. बाजूच्या वाऱ्याचा अंदाज मनातल्या मनात काढा: रनवे २७, वारा २४० कडून १४ नॉट, कोन ३० अंश, म्हणजे बाजूचा वारा निम्मा, ७ नॉट.

सोलो, म्हणजे पहिलं एकट्याचं उड्डाण, कधी, हा प्रश्न हॉस्टेलवर रोज चघळला जातो. कोणाचा लवकर झाला, कोणाचा उशिरा, याने पुढे काहीच फरक पडत नाही. मी एकटी उडाले तेव्हा शेजारची सीट रिकामी असल्याने विमान हलकं झालं होतं आणि अपेक्षेपेक्षा लवकर वर गेलं. हे वजनाचं आधी माहीत असलं तर तिथे दचकायला होत नाही, म्हणून सांगते. टेकऑफनंतर इंजिन बंद पडलं तर मागे वळायचं नाही, समोर जे मोकळं दिसेल तिथे उतरायचं. हे वाक्य मी प्रत्येक टेकऑफच्या आधी मोठ्याने म्हणते, शेजारी कोणी असो वा नसो.

मार्च ते मेमध्ये खानदेशात असाल तर डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणावरून विमानाला जाणवणारी उंची, रोज काढा. धावपट्टी ८०० फुटांवर आणि तापमान ४२ असेल, तर त्या उंचीचं प्रमाण तापमान साधारण १३.४. फरक २८.६, गुणिले १२०, म्हणजे सुमारे ३४०० फूट. विमानाला वाटतं आपण ४२०० फुटांवर आहोत. टेकऑफला रनवे जास्त लागतो आणि चढण मंदावते. म्हणून सकाळची पहिली सॉर्टी मागून घ्या. दुपारी हवाही उकळत असते. पावसाळ्यात तास कमी होणारच, ते महिने उरलेल्या पेपरना ठेवा.

क्रॉस-कंट्री, म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्यावर: समोर दिसतोय तो विमानतळ कोणता?

१५ जुलै १९५३ रोजी बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचं कॉमेट जेट सांताक्रूझऐवजी जुहूला उतरलं. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचं डीसी-८ तसंच सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं, रनवे संपला आणि विमान पुढे जाऊन निकामी झालं. सुदैवाने कोणी दगावलं नाही. जुहूचा रनवे ०८/२६, सांताक्रूझचा ०९/२७. दिशा जवळजवळ तीच, आणि समुद्राकडून येताना जुहू आधी लागतं. अनुभवी वैमानिकांचं असं होऊ शकतं, तर आपल्यासारख्या शिकाऊंनी डोळ्यांना दिसलेल्या पहिल्या धावपट्टीवर विश्वास ठेवू नये.

मी प्रत्येक मुक्कामासाठी आधीच तीन खुणा लिहून घेते: रनवेची दिशा आणि लांबी, त्याच्या कोणत्या बाजूला गाव, आणि जवळची एक न बदलणारी गोष्ट, जसं नदीचं वळण, धरण, रेल्वेचा फाटा. तिन्ही जुळल्याशिवाय फायनलला वळायचं नाही. पावसाळ्यानंतर तळी वाढतात आणि उन्हाळ्यात आटतात, म्हणून छोटं तळं खूण म्हणून घेऊ नका. तापी आणि तिच्या काठची रेल्वे मात्र कधी फसवत नाही. वेळेचा हिशेब कागदावर ठेवा. अमुक खूण अमुक मिनिटाला यायला हवी होती, तीन मिनिटं झाली तरी नाही, म्हणजे वारा बदललाय किंवा दिशा. जीपीएस आहे, तरी हे करा. इंधन नियमातल्या किमान राखीवपेक्षा जास्त घ्या.

शेवटचे तास

२०० तासांमध्ये काय काय हवं ते सुरुवातीलाच वहीच्या पहिल्या पानावर लिहा: १०० तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर असलेला वैमानिक, म्हणून, त्यांत २० तास क्रॉस-कंट्री, एक उड्डाण किमान ३०० नॉटिकल मैलांचं आणि त्यात दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरणं. रात्रीचे ५ तास, १० टेकऑफ आणि १० लँडिंगसह. बाहेर न बघता फक्त यंत्रांवर १० तास. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे यंत्रांच्या आधारे उडण्याची परवानगी, सोबत घ्यायचं असेल, आणि नोकरीसाठी ते घ्यावंच लागतं, तर ५० तास क्रॉस-कंट्री कमांड आणि ४० तास इन्स्ट्रुमेंट, त्यांतले २० पर्यंत सिम्युलेटरवर चालतात. सुरुवातीपासून नुसती सर्किटं मारत बसलेल्यांना शेवटी २०० पूर्ण होऊनही एखाद्या रकान्यात तूट निघते आणि जादा तास विकत घ्यावे लागतात. लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, रोजच्या रोज भरा, सही त्याच दिवशी घ्या. न उडलेला तास लिहायचं कोणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. परवाना जाऊ शकतो, आणि त्या न उडलेल्या तासातलं कौशल्य पुढे प्रवासी मागे बसलेले असताना लागणार असतं.

अर्जाच्या वेळी आणखी एक अट असते: गेल्या ६ महिन्यांत १५ तास कमांडचे आणि त्याच काळातल्या स्किल टेस्ट. म्हणून शेवटचे तास, रात्रीची लँडिंग आणि मल्टी-इंजिनची टेस्ट एकमेकांच्या जवळ आखा. मध्ये पावसाळा आला तर जुन्या टेस्ट मुदतीबाहेर जातात आणि पुन्हा द्याव्या लागतात. सप्टेंबरच्या शेवटाला सुरू करून फेब्रुवारीपर्यंत संपवायचं असा बेत सरांशी बसून करा. क्लास १ ची मुदत १२ महिन्यांची असते, तीही याच तक्त्यात लिहा आणि संपायच्या दोन महिने आधी नूतनीकरणाची तारीख घ्या. पोलीस पडताळणी, पेपरचे निकाल, रेडिओ परवाना, लॉगबुकच्या प्रती हे सगळं ई-जीसीएवर चढवण्याआधी प्रत्येक पानावरचं नाव पुन्हा एकदा जुळवून बघा.